वणवा माळावर, राख गोठ्यात: केंदूरसारख्या गावांत घराभोवतीचं गवत कोण काढणार?

जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिस पेटलं, तेव्हाचे व्हिडिओ आपल्याकडेही भरपूर फिरले. 16 हजारांहून जास्त इमारती त्या आगीत गेल्या. आपल्याकडे वणवा म्हटलं की मेळघाट नाहीतर सह्याद्रीचे डोंगर आठवतात. पण पुणे जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यात, शिरूर तालुक्यातल्या केंदूरसारख्या गावात, आगीला जंगल लागतच नाही. तिला वाळलेलं गवत पुरतं.

केंदूर-पाबळचा हा भाग पर्जन्यछायेतला, पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडणारा. माळ, टेकड्या, बांध आणि शेताशेतात विखुरलेल्या वस्त्या. पावसाळ्यात वाढलेलं गवत दिवाळीनंतर पिवळं पडतं आणि फेब्रुवारीपर्यंत काडीसारखं वाळतं. त्यात पडीक जमिनींची भर. मालक पुण्यात किंवा चाकणला नोकरीला, नाहीतर जमीन निव्वळ गुंतवणूक म्हणून घेतलेली. तिथे नांगर फिरत नाही, गुरंही चरत नाहीत.

घर पेटतं कशानं?

आगीची भिंत अंगावर चालून येते आणि घर गिळते, असं चित्र सिनेमात दिसतं. वणव्यात जळालेल्या घरांचा अभ्यास वेगळंच सांगतो. बहुतेक घरं वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी आणि भिंतीलगतच्या सुक्या कचऱ्यानं पेटतात. म्हणूनच कॅलिफोर्नियात वणव्याचा धोका असलेल्या भागात घराभोवती 100 फुटांपर्यंत सुकं गवत, झुडपं काढणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्यातही भिंतीलगतचे पहिले 5 फूट सगळ्यात नाजूक मानले जातात.

आता आपल्याकडची वस्ती बघा. सिमेंटचं घर सहसा टिकतं. पण त्याला लागून गोठा, गोठ्याला लागून कडब्याची गंजी, बाजूला सरपण आणि गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या. एक ठिणगी गंजीत शिरली की वर्षभराचा चारा गेला, आणि दावणीला बांधलेलं जनावर पळूही शकत नाही. बंब शिरूर किंवा चाकणसारख्या ठिकाणाहून येईपर्यंत पाण्याचा टँकर आणि फवारणीचा ट्रॅक्टर एवढाच आधार.

मग गवत जाळूनच टाकलं तर?

हीच सगळ्यात मोठी चूक. बांध पेटवून साफ करायची सवय जुनी आहे. 'जाळलं की गवत चांगलं येतं' हा समजही. प्रत्यक्षात कुसळीसारखं गवत आगीतही तग धरतं, आणि ते वाढल्यावर गुरं त्याला तोंड लावत नाहीत. वनखातं जाळरेषा काढतं तेव्हा गवत आधी कापतं, मग ठरलेला पट्टा माणसं उभी करून जाळतं, तेही 15 फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होण्याआधी. मार्चच्या दुपारी वारा सुटलेला असताना एकट्यानं बांध पेटवणं ही जाळरेषा नव्हे.

कायदाही इथे गप्प नाही. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. स्वतःच्या शेतात पेटवलेल्या आगीनं निष्काळजीपणे दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

खरी अडचण: जमीन कुणाची?

वनखात्याची जमीन असेल तर 1926 या हेल्पलाइनवर कळवता येतं. उपग्रहावरून आगीचे इशारेही मिळतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था ते मोबाइलवर पाठवते, पण ते वनक्षेत्रासाठी. गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात. शेजारच्या खासगी पडीक रानात मात्र शिरूनही गवत कापता येत नाही, कारण मालकाची परवानगी हवी. अनेकदा तो फोनवर सापडला तरच सापडतो.

हवाईतल्या लाहैना शहराचं उदाहरण इथे चपखल आहे. ऊसमळे बंद पडले, त्या रानात बाहेरून आलेलं गवत माजलं आणि ऑगस्ट 2023 मध्ये त्यातूनच आग शहरात शिरली. शंभराच्या आसपास माणसं गेली.

केंदूरच्या पट्ट्यात ग्रामसभा जानेवारीतच पडीक रानांच्या मालकांची यादी करून वस्तीलगतचा पट्टा कापून घ्यायला सांगू शकते. गंजी घरापासून आणि गोठ्यापासून लांब रचणं, भोवती नांगराचे दोन-चार तास मारून माती उघडी ठेवणं, एवढं तर शेतकऱ्याच्याच हातात आहे. शिरूरमध्ये याचा दुसरा फायदा वेगळा सांगायला नको: घराजवळची झुडपं काढा, हे बिबट्यासाठीही सांगितलं जातं.

आणि जळालंच तर? ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, पंचनामा करतात. केंद्राच्या आपत्ती मदतीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत दुभत्या गायी-म्हशीसाठी 37,500 रुपये आहेत. घराला जोडून असलेल्या गोठ्यासाठी 3,000.