हरणाच्या पोटातील साक्ष

रायपुरास बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्यांच्या बैठकींतून शिकारीचा विषय अजूनही निघतो, आणि निघाला की 'ते दिवस गेले' असा एक सुस्काराही ऐकू येतो. त्या सुस्काऱ्यात आम्ही आमचा स्वर मिसळू इच्छीत नाही. ज्या प्रदेशात कोरियाच्या महाराजांनी १९४७ मध्ये एकाच रात्री तीन चित्ते मारले आणि हिंदुस्थानातील चित्त्यांच्या इतिहासावर जवळजवळ पडदा पाडला, त्या प्रदेशाला शिकारीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली, हे उत्तमच झाले. परंतु शिकाऱ्याच्या बंदुकीबरोबर त्याची सुरीही म्यान झाली, आणि त्या सुरीने होणारे एक काम त्यानंतर कोणीच नेमाने अंगावर घेतले नाही. आमचे भांडण आहे ते याविषयी.

हरिण पडले की ते तेथेच साफ करावे लागे. पोट फाडून कोथळा काढताना वझडीत काय आहे, हे शिकाऱ्यास दिसेच. चैत्रात मोहाची फुले, थंडीत आवळे, पावसाळ्यात कोवळे गवत. काळजात जंत, गर्भाशयात पाडस. जाणत्या शिकाऱ्याला एवढ्यावरून रान कसे आहे, पाणी कोठे आटले, वीण केव्हाची, हे सांगता येई. मध्य प्रांतातील वनाधिकारी फोर्सिथ यांचा १८७१ चा ग्रंथ आणि डनबार ब्रँडर यांचा १९२३ चा ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. हे दोघेही आपल्यासारखेच घरापासून दूर नेमणुकीवर आलेले नोकरदार होते. त्यांच्या बंदुकीचा आदर्श आम्ही कोणापुढे ठेवणार नाही. पण जे पाहिले ते लिहून ठेवण्याची त्यांची सवय मात्र अवश्य घेण्यासारखी आहे.

पाहिल्यावाचून बोलण्याचा परिणाम काय होतो, याचे उदाहरण आपल्या गोव्यातच आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात कधी कधी एक गुळगुळीत खडा सापडतो. त्यालाच आपल्याकडे जहरमोहरा म्हणत. गिळलेले केस किंवा झाडाचे तंतू यांच्याभोवती क्षारांची पुटे कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे चढत जातात आणि हा खडा तयार होतो. तो कोणत्याही विषावर उतारा आहे अशी जगभर समजूत होती. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याला स्वतंत्र प्रकरण दिले. पुढे खरे खडे पुरेनात, तेव्हा सतराव्या शतकात गोव्याच्या जेझुइटांनी शिंपले, पोवळे, कस्तुरी, अंबर कुटून सोन्याचा वर्ख लावलेले कृत्रिम गोळे घडविले, आणि युरोपातील श्रीमंतांनी ते सोन्याच्या जाळीदार डब्यांत जपले. फ्रान्समध्ये आंब्रोझ पारे या शल्यवैद्याने सोळाव्या शतकातच या खड्याची परीक्षा पाहिली होती. देहान्ताची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्यास विष व त्यावर हा खडा देण्यात आला. तो तळमळून मेला. तरी बाजार चालूच राहिला. आजही कोणी 'हरणाचे गोरोचन' म्हणून काही विकू लागला तर वाचकांनी एवढेच ध्यानात ठेवावे की गोरोचन हा पित्ताशयातला खडा आणि चितळ, सांबर, बारशिंगा यांना पित्ताशय मुळी नसतेच. ॲरिस्टॉटलला ही गोष्ट ठाऊक होती, कारण जनावर उघडून पाहण्याची त्याला लाज वाटत नव्हती.

आता आपल्या काळातील जहरमोहरा पाहा. जपानच्या नारा येथील उद्यानात २०१९ च्या मार्चपासून मेलेल्या चौदा हरणांची पोटे तपासली, त्यांतील नवांच्या पोटात प्लास्टिक निघाले; एकट्या एका हरणाच्या पोटात ४.३ किलो. त्याच वर्षी नोव्हेंबरात थायलंडच्या खुन सथान राष्ट्रीय उद्यानात दहा वर्षांचे एक हरिण मृत सापडले. त्याच्या पोटातून सात किलो ऐवज निघाला: कॉफीची पाकिटे, शेवयांची वेष्टने, कचऱ्याच्या पिशव्या, रबरी हातमोजे, टॉवेल, अंतर्वस्त्र. हे परदेशाचे म्हणून सोडून द्यावे तर चेन्नईच्या आय. आय. टी. च्या आवारात मेलेल्या हरणांच्या शवविच्छेदनांतही प्लास्टिक आढळलेले आहे.

हरिण मूर्ख म्हणून पिशवी खात नाही. पिशवीला अन्नाचा वास असतो, वेफरच्या पाकिटाला मीठ असते, आणि तृणभक्षक जनावर मिठासाठी माती चाटणारे. पोटात गेलेले प्लास्टिक रवंथासाठी नीट वर येत नाही आणि पुढेही सरकत नाही. त्याचा गोळा होतो, पोट भरल्यासारखे वाटते, चरणे थांबते, आणि भरल्या पोटी ते जनावर उपाशी मरते. अशक्त झालेले हे हरिण अखेर कुत्र्यांच्या तावडीत सापडले, तर 'कुत्र्यांनी मारले' एवढेच लिहून कागद पुरा करता येतो. तो मजकूर खोटा नसतो. मात्र मृत्यूचे खरे कारण त्या कातड्याखाली तसेच पुरले जाते.

कायद्याची उणीव आहे असे कोणी म्हणू नये. छत्तीसगडात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१५ पासून बंदी आहे. एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कल्पकतेचीही उणीव नाही. याच राज्यातील अंबिकापूरने २०१९ मध्ये एक किलो प्लास्टिक आणून देणाऱ्यास पोटभर जेवण आणि अर्ध्या किलोस न्याहारी देणारे उपाहारगृह काढले. उणीव आहे ती साक्षीची. रायपुराहून सुटीच्या दिवशी बारनवापाराकडे मोटारी जातात, त्या चितळे पाहायला. त्या वाटेवर टाकलेले पाकीट कोणाच्या पोटात गेले, हे शवविच्छेदन करून जाहीरपणे सांगितल्याशिवाय टाकणाऱ्यास कसे कळावे?

'या रानात अशी किती हरणे मेली, ते आधी सांगा,' असा प्रश्न आम्हांस विचारला जाईल. हा प्रश्न विचारणाऱ्याने आमची मागणी मान्यच केली म्हणायची! मेलेल्या प्रत्येक हरणाचे पोट पशुवैद्याने उघडावे, आतील परकी वस्तू वेगळी करून तोलावी, ती कोणत्या जातीची व जनावर कोठे सापडले हे नोंदवावे, आणि वर्षाअखेर तो तक्ता लोकांपुढे ठेवावा. यासाठी नवे खाते नको, मोठा खर्चही नको. हवी आहे एक तागडी, एक वही आणि सही करणाऱ्याची इच्छा.

आमचे वाचक सही करणारे आहेत, म्हणूनच हे त्यांस सांगतो. कोणी वनखात्यात असतील, कोणी नगरपालिकेवर, कोणी जिल्ह्याच्या कचेरीत. बदली होईल, बंगला सुटेल, भिंतीवरची जुनी शिंगे तेथेच राहतील. पण ज्याच्या कारकीर्दीत हा तक्ता सुरू होईल, त्याने या प्रदेशाच्या मिठास जागल्याचे पुढील माणसाच्या ध्यानात राहील. पोट फाडून पाहणे हे किळसवाणे काम आहे, हे आम्हांस मान्य आहे. ते पोट ज्याने भरले त्याने तरी नाक मुरडू नये.