फाशी गुन्ह्याला की गरिबीला?

फाशीच्या कैद्यांचे वकीलपत्र घेणारा वकील कायद्याच्या विद्यालयात येतो, तेव्हा तो केवळ एक विषय शिकवावयास येत नाही. तो त्या विद्यालयाकडे हिशेब मागावयास येतो. अमेरिकेतील स्टीफन ब्राइट हे अशा वकिलांपैकी एक. दक्षिणेकडील राज्यांतील मृत्युदंडाचे खटले त्यांनी अटलांटा येथून अनेक वर्षे लढविले आणि १९९३ पासून येल विद्यापीठातही ते शिकवू लागले. ज्या विद्यालयातून न्यायमूर्ती आणि बड्या कंपन्यांचे सल्लागार बाहेर पडतात, तेथे कफल्लक आरोपीचा कैवारी उभा राहिला, ही घटना अर्थपूर्ण आहे.

१९९४ साली येलच्याच विधिविषयक नियतकालिकात ब्राइट यांनी आपला सिद्धान्त मांडला. सर्वांत भीषण गुन्हा करणाऱ्याला फाशी होते हा भ्रम आहे. सर्वांत वाईट वकील ज्याच्या वाट्याला येतो, त्याला ती होते. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच बजावले होते. तरीही १९८४ साली ह्यूस्टन येथे खुनाच्या खटल्यात न्यायालयाने नेमलेला वकील भर सुनावणीत वारंवार झोपी गेला आणि त्याच्या अशिलाला फाशी सुनावली गेली! ती शिक्षा रद्दबातल ठरण्यास २००१ साल उजाडावे लागले.

हे परक्यांचे दुखणे म्हणून हात झटकता येणार नाहीत. भारतीय संविधानात मोफत कायदेशीर साहाय्याचे कलम १९७६ मध्ये आले. पण दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. महाराष्ट्रातील भटक्या समाजाच्या सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीच योग्य ठरविली; त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. त्यांची सोळा वर्षे तुरुंगात गेली. फाशी अमलात आली असती, तर निर्दोषत्वाचा तो निकाल कोणाला ऐकवावयाचा होता?

बळी पडलेल्यांच्या आप्तांचे अश्रू खरे आहेत आणि त्यांना न्याय मिळालाच पाहिजे. परंतु दुबळा बचाव झालेल्या खटल्यात खरा गुन्हेगार मोकळा राहण्याचा धोका असतो. तेव्हा आप्तांचीही फसवणूकच होते.

म्हणून अशा वकिलाचे व्याख्यान टाळ्यांनी संपता कामा नये. विधि विद्यालयांनी आपले विद्यार्थी तुरुंगात आणि सत्र न्यायालयात पाठवावेत. शासनाने बचावाच्या वकिलाला सरकारी वकिलाइतकेच वेतन व साधने द्यावीत. मात्र एवढ्यानेही प्रश्न मिटत नाही. उत्तम वकीलही चुकतो, न्यायाधीशही चुकतो. आणि चूक दुरुस्त करण्याची वाट जी शिक्षा कायमची बंद करते, ती कायद्याच्या पुस्तकातूनच गेली पाहिजे.