तळाच्या संघालाही काही गमवावं लागू दे

आयएसएल या भारतीय फुटबॉल लीगमधल्या रेलिगेशनचा विषय या आठवड्यात पुन्हा निघाला आणि पुन्हा तेच उत्तर आलं: संघ खाली जाण्याची भीती असेल तर पैसा लावणारा टिकणार नाही. माझं मत उलट आहे, आणि त्यासाठी या वेळी फक्त जपानच्या गाम्बा ओसाका या क्लबकडे बोट दाखवतो. २०१२च्या जे-लीगमध्ये सर्वाधिक ६७ गोल गाम्बाचे होते, विजेत्या हिरोशिमापेक्षाही जास्त. पण जवळपास तितकेच त्यांनी खाल्ले. शेवटच्या दिवशी इवाताकडून १-२ अशी हार झाली आणि अठरा संघांत सतरावा आलेला हा बलाढ्य क्लब दुसऱ्या श्रेणीत गेला. आक्रमणाचं कौतुक बचावाचं पाप झाकू शकलं नाही. जपानच्या मधल्या फळीचा कणा असलेला यासुहितो एंडो मात्र क्लबसोबत खाली उतरला. २०१३मध्ये दुसरी श्रेणी जिंकून गाम्बा वर आला आणि २०१४मध्ये लीग, लीग कप आणि सम्राट चषक, तिन्ही घेऊन गेला. एंडो त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपल्याकडे आयएसएलमध्ये २०२४-२५ला मोहामेडन हा क्लब तेरा संघांत तेरावा आला आणि जागेवरच राहिला. तळाच्या लढतीत मग पणाला लागतं तरी काय?

जपानी क्लबांमागे मोठ्या कंपन्या आहेत, हा आक्षेप खरा आहे. गाम्बामागे पॅनासॉनिक आहे. जपानमध्येही प्रायोजकाने हात आखडता घेतल्यावर योकोहामा फ्लुगेल्स हा क्लब १९९९च्या १ जानेवारीला सम्राट चषक जिंकून संपला. पण दार बंद ठेवल्याने आपण कुणाला वाचवलं? बालेवाडीत खेळणारा पुणे सिटी पाच मोसमांनंतर २०१९मध्ये गेला, रेलिगेशन नसताना. गोव्याचं दुःख तर आणखी मोठं. पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी २०१६मध्ये आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली, कारण तिला आयएसएलपेक्षा दुय्यम ठरवून वर जायची वाटच ठेवायची नाही, असा घाट घातला जात होता. फुटबॉलवर खर्च करणारे हे क्लब खाली जायला घाबरले नव्हते. पैसा लावणाऱ्याची भीती घालवायची तर खाली जाणाऱ्या क्लबला दोन वर्षं मध्यवर्ती उत्पन्नातला वाटा द्या, खेळाडूंचे करार सांभाळता येतील. तळाची जागा मात्र रिकामी झालीच पाहिजे.