भाड्याची इमारत आणि पगारदाराची बचत

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान वसाहतीला खेटून आहे. तेथे नोकरीस लागलेला तरुण खोली शोधीत या गावात येतो आणि ज्याच्यापाशी चार खोल्या आहेत, त्याला महिन्याकाठी भाडे मिळते. हे पाहून पिंपरी-चिंचवडमधील शिक्षक-कारकुनांनाही आपली अशी एखादी इमारत असावी असे वाटले, तर त्यात गैर काही नाही. प्रश्न प्रवेशाचा आहे.

‘भाड्यातून हप्ता फिटतो’ हे दलालाचे आवडते वाक्य. समजा, एखाद्याने 50 लाखांची सदनिका घेतली. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्याला 40 लाखांपर्यंतच गृहकर्ज मिळेल. उरलेले 10 लाख आणि मुद्रांक शुल्क पदरचे. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता सुमारे 34,700 रुपये होतो. भाडे 20 हजार आले, तरी जवळपास 15 हजारांची तूट दरमहा पगारातूनच भरावी लागणार. रिकामे महिने अजून हिशेबात धरलेलेच नाहीत.

मग चौघे मिळून गुंठा घेतात. येथे 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. नागरी क्षेत्रांतील जुने तुकडे नियमित करण्याचा निर्णय शासनाने 2025 मध्ये घेतला हे खरे. परंतु तुकडा नियमित झाल्याने त्यावरील विनापरवाना मजले नियमित होत नाहीत. स्वस्त गुंठ्याची खरी किंमत पुढे कळते.

विसंगती अशी, की ज्या कार्यालयांत हे तरुण काम करतात, त्यांच्या भाड्यात लहान माणसाला वाटा मिळू शकला. 2019 मध्ये शेअर बाजारात आलेल्या एम्बसी रीटच्या मालमत्तेत हिंजवडीतील कार्यालय-संकुलेही होती आणि 2021 पासून सेबीने अशा न्यासांचे एकच युनिट घेण्याची मुभा दिली. 2024 मध्ये लहान न्यासांसाठी नियम झाले. त्यांत मात्र किमान गुंतवणूक 10 लाखांची. कारकुनासाठी ते दार बंदच.

वस्तुतः महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. मुंबईत गावदेवी येथे 1915 मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, ती भाडेकरूंनीच भागधारक व्हावे या तत्त्वावर. मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी जमिनी विकून न टाकता एकत्र केल्या आणि नगर वसवले. मारुंजीच्या शेतकऱ्याची जमीन दीर्घ भाडेपट्ट्याने व पगारदारांची बचत भागभांडवल म्हणून एका सहकारी संस्थेत आली, तर रीतसर परवान्याची भाड्याची इमारत का उभी राहू नये? सहकार खात्याने या दिशेने पाऊल टाकण्यास हरकत नसावी.

यात धोका नाही असे नव्हे. 2020 च्या टाळेबंदीत कामे घरी गेली आणि हिंजवडीच्या आसपासच्या खोल्या ओस पडल्या. बँकांनी हप्ते लांबणीवर टाकले, पण व्याज चढतच राहिले. तो भार ज्या त्या घरमालकाने एकट्याने वाहिला. शंभर भागधारकांच्या संस्थेत तोच शंभर वाट्यांत विभागला गेला असता.