बातमीतला कर्ता कुठे गेला?

‘सेप्टिक टँकमध्ये गुदमरून तीन कामगारांचा मृत्यू.’ असा मथळा वर्षातून कितीदा तरी आपल्या नजरेखालून जातो. शहर बदलते, आकडा बदलतो, वाक्य तेच. आपण हळहळतो, ग्रुपवर पाठवतो आणि पुढे जातो. एकदा थांबून हे वाक्य पुन्हा वाचा. गुदमरले कामगार, जीव घेतला विषारी वायूने. पण टाकीत उतरायला सांगितले कोणी? ठेकेदार कोण? काम सोसायटीचे होते की नगरपालिकेचे? मास्क, दोर, ऑक्सिजन का दिला नाही? व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. जबाबदार माणूस मात्र त्यातून सहीसलामत बाहेर पडला आहे.

हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याचे कलम ७ सांगते की, गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामाला लावता येणार नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवला जातो तेव्हा तो मरण्याआधीच गुन्हा घडलेला असतो. ‘दुर्घटना’ हा शब्द नेमका हाच गुन्हा झाकतो. दुर्घटना म्हटले की दोष नशिबाचा.

शब्दांचा हा खेळ फक्त वर्तमानपत्रे खेळतात असे नाही. २०२० अखेरपर्यंतच्या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना ३४० जणांचा मृत्यू झाल्याचे सरकारनेच २०२१ च्या सुरुवातीला लोकसभेत सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत उत्तर आले की, हाताने मैला उचलण्यामुळे एकाही मृत्यूची नोंद नाही. दोन्ही उत्तरे सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांची. आपल्याच चळवळीतून पुढे आलेल्या नेत्याच्या नावावर हे उत्तर जमा व्हावे, हे जास्त बोचते. आता यात खोटे काय? शब्दशः पाहिले तर काहीच नाही. कायद्यात ‘हाताने मैला उचलणे’ आणि ‘धोकादायक सफाई’ या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. ३४० माणसे दुसऱ्या रकान्यात टाकली की पहिला रकाना आपोआप कोरा होतो. पुढे मथळा त्या कोऱ्या रकान्याचा झाला.

बाबासाहेबांचे लेखन या दृष्टीने पुन्हा वाचायला हवे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने रद्द केलेले भाषण त्यांनी १९३६ मध्ये स्वखर्चाने छापले. त्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये अन्यायाबद्दल बोलताना ते विशेषणांची माळ लावत नाहीत. इंदूर संस्थानातील बलाई, गुजरातमधील कविठा, जयपूर संस्थानातील चकवारा अशी ठिकाणे सांगतात. कोणी काय घालायचे नाही असे फर्मावले, मुलांना शाळेत घालू कोणी दिले नाही, तूप वाढले म्हणून पंगतीवर लाठ्या घेऊन कोण चालून आले, हे सांगतात. बलाईंची हकिगत तर त्या वेळच्या इंग्रजी वर्तमानपत्रातून उचललेली, म्हणजे कोणी ‘तुमचे रचलेले आहे’ म्हणायची सोय नाही. एवढा पुरावा मांडून झाल्यावरच ते राजकीय सुधारकांना प्रश्नामागून प्रश्न विचारतात. तोवर वाचकाला पळायला वाट उरलेली नसते.

आपल्या पोस्ट कशा असतात? ‘मनुवाद्यांचा हैदोस’, ‘समाज पेटून उठला’, खाली पाच उद्गारचिन्हे. चीड खरी असते. पण गाव, तारीख, वेळ, आरोपीचे नाव, पोलीस ठाणे यातले काहीच नसते. ज्याला आधीच पटलेले आहे तो लाईक देतो आणि ज्याला पटवायचे आहे तो अर्ध्यावर सोडतो. ठेकेदाराचे नाव बातमीदाराने गाळले म्हणून आपण चिडतो आणि तेच नाव आपणही लिहीत नाही.

पोस्टमध्ये ही चूक फार तर वाया जाते, फिर्यादीत ती खटला बुडवू शकते. अॅट्रॉसिटी कायद्यातील अपमान आणि जातिवाचक शिवीगाळीच्या कलमांत ‘लोकांच्या नजरेसमोरील ठिकाणी’ अशी अट आहे. ५ नोव्हेंबर २०२० रोजी हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेल्या शिवीगाळीला हे कलम लागत नाही असे ठरवून तो आरोप रद्द केला. निकाल पटो वा न पटो, फिर्याद त्याच्याच पट्टीने मोजली जाते. ‘जातीवरून अपमान झाला’ एवढेच लिहून भागत नाही. कोणी, कोणते शब्द, दुकानासमोर की अंगणात, किती वाजता, शेजारचे कोण उभे होते, हे सगळे त्या कागदावर यावे लागते. ठाण्यात अंमलदार आपल्या भाषेत ‘किरकोळ वादातून’ असे लिहू लागला तर तिथेच थांबवायचे. सही करण्याआधी फिर्याद वाचून दाखवायला सांगायचे आणि प्रत मागून घ्यायची. ती फिर्यादीला मोफत मिळते.