वैमानिकांची विश्रांती आणि गोल बाजारचा नोकर

वैमानिकांचा प्रश्न म्हणजे लाखांनी पगार घेणाऱ्यांच्या मागण्यांचा प्रश्न, कष्टकऱ्यांना त्याच्याशी काय कर्तव्य, असा समज कामगार चळवळीतही बराच रूढ आहे. डिसेंबर २०२५ मधील घटनांनी तो खोटा ठरविला. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची वाहतूक कोलमडली. ५ डिसेंबर या एकाच दिवशी हजारावर उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांनी संप पुकारला नव्हता. त्यांना आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास सलग विश्रांती मिळावी आणि रात्री विमान उतरविण्याच्या खेपा सहावरून दोनवर याव्यात, असे नियम अमलात आले होते, इतकेच.

हे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. कंपन्यांच्या विरोधामुळे ते लांबणीवर पडले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कोठे २०२५ च्या जुलै व नोव्हेंबरमध्ये ते दोन टप्प्यांनी लागू झाले. एवढी सवड मिळूनही कंपनीने पुरेसे वैमानिक सज्ज ठेवले नाहीत. मग सरकारने काय केले? रात्रीच्या कामाचे निर्बंध या कंपनीपुरते १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत शिथिल केले आणि साप्ताहिक विश्रांतीऐवजी रजा धरू नये ही अटही मागे घेतली. चूक मालकाची आणि भरपाई मात्र वैमानिकाच्या झोपेतून!

रायपूरच्या गोल बाजारात काउंटरमागे दिवसभर उभा राहणारा नोकर यावर विचारील, की माना विमानतळावरून उडणाऱ्या कप्तानाच्या झोपेची चिंता आम्ही का करावी? त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्तीसगडात दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा अमलात आला आणि १९५८ चा जुना कायदा रद्द झाला. नवा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू आहे. गोल बाजारासारख्या जुन्या पेठेतील कितीतरी दुकानांत दहा नोकर नसतात. त्यांच्या साप्ताहिक सुट्टीवरील या कायद्याचे छत्र एका फटक्यासरशी नाहीसे झाले. म्हणजे एकाच वर्षात कायद्याने नोकराच्या सुट्टीकडे पाठ फिरविली आणि सरकारी आदेशाने वैमानिकाची विश्रांती सैल केली. वेतनात जमीनअस्मानाचे अंतर असले, तरी दोघांकडून हिरावून घेतली जाणारी वस्तू एकच आहे: कामगाराचा स्वतःचा वेळ. शिवाय थकलेल्या वैमानिकाच्या मागे शेकडो प्रवाशांचे प्राण असतात.

प्रादेशिक विमान कंपन्यांत ही पिळवणूक अधिक उघडी दिसते. ‘उडान’ योजनेखाली ठरावीक मार्गांवर अर्ध्या आसनांचे भाडे मर्यादित ठेवून कंपनीची तूट तीन वर्षे सरकारी पैशातून भरून दिली जाते. जून २०१८ मध्ये जगदलपूर-रायपूर सेवेचा गाजावाजा झाला. ती लवकरच बंद पडली आणि सप्टेंबर २०२० मध्ये अलायन्स एअर या सरकारी कंपनीला पुन्हा सुरू करावी लागली. नांदेड-हैदराबाद मार्गावर एप्रिल २०१७ मध्ये सुरुवात करणाऱ्या ट्रूजेटने फेब्रुवारी २०२२ मध्ये गाशा गुंडाळला. त्याआधी १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजसारखी मोठी कंपनी कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकवून बंद पडली होती. मालक असा एका रात्रीत निघून जाऊ शकतो. वैमानिक मात्र जाऊ शकत नाही! २०१७ च्या सरकारी नियमानुसार नोकरी सोडण्यापूर्वी कप्तानाला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. प्रशिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेला तरुण सहवैमानिक अशा स्थितीत कोणत्या बळावर बोलणार?

ते बळ संघटनेतच असते. परंतु वैमानिकांच्या संघटनांनी ते आपापसांत खर्च केले, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण २००७ मध्ये झाले, पण वेतनश्रेण्या वेगळ्याच राहिल्या. समान वेतनासाठी इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनने एप्रिल-मे २०११ मध्ये संप केला. तिची मान्यता काढून घेण्यात आली, आणि इंडियन पायलट्स गिल्ड बाजूला उभी राहिली. पुढच्याच वर्षी नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना देण्याच्या प्रश्नावर गिल्डने ५८ दिवसांचा संप केला. तिचीही मान्यता गेली, शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले. आता दुसरी संघटना बाजूला होती. आधी एकीचे, मग दुसरीचे कंबरडे मोडले गेले. जानेवारी २०२२ मध्ये ही कंपनी टाटांकडे सुपूर्द झाली, तेव्हा आधीच्या दशकातील ही फूट खासगीकरणाच्या उपयोगी पडली.

छत्तीसगडला हा धडा नवा नाही. १९७७ मध्ये दल्ली राजहराच्या लोहखाणींत कायम आणि कंत्राटी कामगारांना वेगवेगळा बोनस ठरविण्यात आला, तेव्हा कंत्राटी मजूर प्रस्थापित युनियनांतून बाहेर पडले आणि शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी स्वतःची संघटना उभारली. युनियनवरील निष्ठा पावतीपुस्तकातून निर्माण होत नाही. सर्वांत कमी सुरक्षित सोबत्यासाठी संघटना उभी राहते की नाही, यावर ती अवलंबून असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी तर धोका वाढविला आहे. आता कोणत्याही उद्योगात १४ दिवसांच्या नोटिशीवाचून संप बेकायदा ठरतो. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी संगनमताने एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच! २०२४ मध्ये विस्तारा कंपनीने हमीच्या वेतनाचे तास ७० वरून ४० वर आणले, तेव्हा वैमानिकांनी आजारपण कळवून विरोध नोंदविला होता. अशा आडमार्गांची दारे आता लावली जात आहेत. मोकळा मार्ग एकच आहे, तो म्हणजे उघड आणि व्यापक संघटना.

म्हणून कर्तव्य दुहेरी आहे. कप्तान, सहवैमानिक, हवाई सेविका, तंत्रज्ञ आणि कंत्राटी हमाल यांची एका कंपनीत एक आघाडी व्हावी, असा आग्रह वैमानिकांपुढे धरला पाहिजे. केवळ कप्तानांची संघटना कप्तानांचेही रक्षण करू शकत नाही, हे २०११ व २०१२ ने दाखविले. आणि गोल बाजारातील नोकरांच्या साप्ताहिक सुट्टीसाठी दहाची अट रद्द करण्याची मागणी तितक्याच जोराने मांडली पाहिजे. पगाराच्या आकड्यावरून माणसाचा वर्ग ठरविण्याची सवय मालकांना फार सोयीची आहे. कामगार चळवळीने ती सोडली पाहिजे!