म्हाताऱ्यांच्या दारी कोण जाणार?

पंच्याहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला एसटीचा प्रवास फुकट, हा निर्णय राज्य सरकारने २६ ऑगस्ट २०२२ पासून लागू केला. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेला खेटून असलेल्या वांगेतुरीत एसटी पहिल्यांदा पोचली ती १ जानेवारी २०२५ रोजी. मुख्यमंत्री स्वतः हजर होते, गाव नटलं होतं. मधली सव्वादोन वर्षं वांगेतुरीच्या म्हाताऱ्यांकडे फुकट प्रवासाचा हक्क होता, फक्त गाडी नव्हती.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या ज्येष्ठांची अडचण थोड्याफार फरकाने अशीच आहे. त्यांच्यासाठी योजना कमी नाहीत. उणीव आहे ती योजना आणि म्हातारं माणूस यांच्यामध्ये उभं राहणाऱ्या तिसऱ्या माणसाची. गंमत अशी, की असं माणूस गावातूनच कसं घडवायचं, हे साऱ्या देशाला शिकवलं ते गडचिरोलीनेच. मात्र तो धडा पाळण्यापाशी थांबला, खाटेवरच्या आजीपर्यंत आलाच नाही.

कागदावर पाहिलं तर म्हातारपण बऱ्यापैकी सुखाचं दिसतं. ६५ वर्षांवरच्या निराधार माणसाला श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासूनची. चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमरेचा पट्टा यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकदाच ३,००० रुपये. पोटची मुलं विचारत नसतील तर २००७ च्या कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे दाद मागता येते आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. कुठे अडलं तर १४५६७ ही हेल्पलाइन आहेच.

हीच यादी कोरची, धानोरा किंवा जिवती तालुक्यातल्या एखाद्या टोल्यावर बसून वाचावी. श्रावणबाळसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं. नसेल तर वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला. दाखल्यासाठी तलाठ्याची गाठ घ्यायची, आणि तलाठ्याकडे गावं अनेक. मग वयाचा पुरावा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईकडे पुरावा म्हणजे आधार कार्ड, आणि ते काढताना ऑपरेटरने अंदाजाने कुठल्यातरी सालाची १ जानेवारी टाकून दिलेली असते. अंदाज आठ-दहा वर्षांनी चुकला की बाई घरात सत्तरीची आणि कागदावर साठीची. पुढे बँकेचं खातं, खात्याला आधार, आधारला मोबाइल. ज्या नातवाचा नंबर दिला, तो मिरची तोडायला तेलंगणात गेलेला.

पैसे मंजूर झाले तरी फेरा सुटत नाही. बँक मित्र टेबलावर तळहाताएवढं यंत्र ठेवतो. त्यावर अंगठा टेकवायचा. जन्मभर चिखलात धानाची रोवणी केलेली, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची पुडकी बांधलेली, मोहफुलं वेचलेली ही बोटं. त्यांच्या रेषा कधीच झिजून गेलेल्या. यंत्र नकार देतं. ‘पुसून ठेवा, आजी.’ ती लुगड्याच्या पदराला अंगठा पुसते, पुन्हा टेकवते. मग डावा हात, मग तर्जनी, मग मधलं बोट. मागे रांग चुळबुळ करू लागते. शेवटी निकाल ठरलेला: ‘थंब येत नाही, तालुक्याच्या ब्रँचला जा.’

आता हा तालुका म्हणजे किती लांब? २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे आणि त्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलाखाली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडसह शंभरावर गावांचा संपर्क तुटतो, आणि हे दर पावसाळ्याचं. चंद्रपूरच्या बाजूला ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलच्या गावांत पायवाटेवर वाघाची भीती. त्यात भाषा. भामरागड-एटापल्लीत माडिया, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेराकडे बंगाली बोलणारे म्हातारे आहेत आणि अर्ज सगळ्यांना मराठीत. हेल्पलाइनला फोन लावायचा तर आधी रेंज असलेलं टेकाड शोधावं लागतं. रेंज सापडली तर आपली अडचण कोणत्या भाषेत सांगायची, हा पुढचा पेच.

सरकारला मनात आणलं तर घरोघरी पोचता येत नाही, असं मात्र नाही. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज अंगणवाडी सेविकांनी भरून घेतले. अर्जामागे ५० रुपये देऊ केले होते. काही आठवड्यांत कोटीच्या वर अर्ज जमा झाले. जिथे ‘सर्व्हर डाऊन’ होता तिथे रात्री जागून भरले गेले. ही योजना २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी आहे. पासष्टी पूर्ण झाली की बाई त्या यादीतून बाहेर पडते, आणि नेमक्या त्याच वयापासून श्रावणबाळसाठी पात्र होते. रक्कम तेवढीच, खातं तेच, आधार तोच. तरी एका यादीतून कमी झालेलं नाव दुसऱ्या यादीत आपोआप चढत नाही. नवा अर्ज, नवा दाखला, नव्या खेपा. वगळायला संगणक पुरतो, समाविष्ट करायला मात्र म्हातारीने चालत यायचं, असा हा न्याय.

गडचिरोलीत योजना आणि माणूस यांच्यातल्या या फटीत एक अनपेक्षित खातं उतरलं: पोलीस. जिल्हा पोलिसांच्या ‘दादालोरा खिडकी’ या उपक्रमात दुर्गम भागातल्या पोलीस मदत केंद्रांतच जातीचे दाखले, आधार, शासकीय योजनांचे अर्ज यांचं काम करून दिलं जातं. ज्या भागात वर्षानुवर्षं सरकार म्हणजे बंदूक एवढंच दिसलं, तिथे शिपाई अर्ज भरून देतो ही लहान गोष्ट नव्हे. पण काटेरी तारांच्या कुंपणामागे, वाळूच्या पोत्यांआड असलेली खिडकी ही निराधार म्हातारीची पहिली पायरी असावी का? नक्षलवाद ओसरत चालला आहे. उद्या ही केंद्रं कमी झाली तर खिडकीही बंद होणार. शिवाय जी उठून चालू शकते तीच खिडकीपाशी येते. जी खाटेवर आहे तिचं काय?

खाटेवरच्यांची संख्या किरकोळ नाही. धानोरा तालुक्यातल्या शोधग्राममधून काम करणाऱ्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांमधल्या मृत्यूंचा मागोवा घेतला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वांत मोठं कारण निघालं पक्षाघात. सुमारे १४ टक्के मृत्यू त्याने झालेले, आणि बहुतेक घरीच. हे वाचून धक्का बसावा, कारण आदिवासी जिल्हा म्हटला की मलेरिया आणि कुपोषण एवढंच डोळ्यांपुढे येतं. पक्षाघाताच्या मुळाशी बहुतेकदा असतो वाढलेला रक्तदाब. तो मोजायला डॉक्टर लागत नाही, गोळीही महाग नाही. लागतं ते दर महिन्याला दारात येऊन ‘गोळ्या घेता का, संपल्या का’ असं विचारणारं कुणीतरी.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ सुरू केली तेव्हा प्रश्न लहान बाळांच्या मृत्यूचा होता. त्यांनी दवाखाना गावात न्यायचा खटाटोप केला नाही. गावातलीच एक बाई निवडली, तिला शिकवलं, थर्मामीटर, वजनकाटा, औषधं असलेली पिशवी दिली आणि बाळंतिणीच्या घरी पाठवलं. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो प्रसिद्ध केला आणि २०११ पासून देशभरच्या आशा सेविका तेच काम करू लागल्या. आज बाळ दवाखान्यात जन्मलं तर ४२ दिवसांत आशाच्या ६ घरभेटी, घरी जन्मलं तर ७, आणि त्यासाठी २५० रुपये. भेट कधी, तपासायचं काय, नोंदवायचं कुठे, सगळं छापील. आयुष्याच्या पहिल्या ४२ दिवसांसाठी एवढी काटेकोर व्यवस्था उभी राहिली. शेवटच्या दहा-पंधरा वर्षांसाठी तशी घडी अजून बसलेली नाही.

ती घडी बसवणं हे या दोन जिल्ह्यांचं काम आहे. दर ग्रामसभेने आपल्यातली एक व्यक्ती निवडावी. चाळिशीची विधवा असेल, बारावी होऊन घरी बसलेला तरुण असेल, गावाची भाषा बोलणारी असली म्हणजे झालं. तिच्याकडे साठीपुढच्या प्रत्येकाची वही. कुणाला निराधारचे पैसे मिळतात, कुणाचे थांबले, कुणाचं आधारवरचं वय चुकलंय, हयातीचा दाखला कुणाचा राहिला, कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, कोण एकटं राहतं. महिन्याला प्रत्येक घरी एक फेरी, रक्तदाबाची नोंद, आणि वहीतली अडलेली कामं घेऊन तालुक्याला एक खेप. बोट उमटत नसेल तर डोळ्यांवरून वा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आधारमध्ये आहे. त्या सोयीसाठी अडून बसणारं कुणी सोबत हवं. तहसील, बँक आणि ग्रामीण रुग्णालय या तिन्ही ठिकाणी या व्यक्तीला महिन्याचा एक दिवस राखीव मिळाला तर निम्मे हेलपाटे तिथेच संपतील.

हे आशाच्याच गळ्यात घाला, असा सोपा सल्ला लगेच येईल. आशाकडे बाळंतपणं, लसीकरण, क्षयरोग, मलेरियाच्या रक्ताचे नमुने आणि दर महिन्याला एखादा नवा सर्व्हे आधीच आहे, तोही तुटपुंज्या मानधनावर. पेन्शनचे कागद हे तिचं कामही नाही. दुसरा सल्ला वृद्धाश्रमाचा. या बाबतीत चंद्रपूर जिल्हा भाग्यवान खरा. बाबा आमटे यांच्या वरोऱ्याच्या आनंदवनात ‘उत्तरायण’मध्ये ज्येष्ठांना सन्मानाचं घर मिळालं. पण माडिया, कोलाम किंवा झाडीपट्टीतल्या म्हाताऱ्याला आपलं घर, आपली शेती, आपले देव सोडून कुठे जायचं नसतं. जिथे आहे तिथेच त्याला आधार हवा. आणि लेकीसुना सांभाळतात की, हे म्हणणं बऱ्याच घरांत खरंही आहे. मात्र सून सेवा करू शकते, तहसीलदाराची सही आणू शकत नाही.

इतर राज्यांनी हे करून दाखवलं आहे. आंध्र प्रदेशात २०२० पासून पेन्शन महिन्याच्या सुरुवातीलाच घरी आणून दिलं जातं. आधी गावचे स्वयंसेवक द्यायचे, आता गावच्या सचिवालयाचे कर्मचारी देतात. केरळने २००८ मध्ये उपशामक उपचारांचं धोरण आखलं आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणारे परिसरातले स्वयंसेवक पंचायतींशी जोडले. रकमेतही आपण मागे आहोत. जिवती तालुक्यात, तेलंगणाशी वाद असलेल्या सीमेवरच्या गावांत दोन्ही राज्यांची रेशनकार्डं असलेली कुटुंबं आहेत. तेलंगणाचं ‘आसरा’ पेन्शन २,०१६ रुपयांचं आणि आपलं १,५०० चं, हा हिशेब तिथल्या म्हाताऱ्यांना कुणी समजावून सांगावा लागत नाही. केंद्राचा हात तर त्याहून आखडता: ऐंशीच्या आतल्या ज्येष्ठांच्या पेन्शनमधला त्याचा वाटा २००७ पासून २०० रुपयांवर अडलेला आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. पेसा कायद्याखालच्या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी २०१५ पासून थेट मिळतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव २०१२ पासून स्वतःचा बांबू स्वतः विकतं. अशा ग्रामसभा हिशेब चोख ठेवतात, माणूसही पारखून निवडतील. पण मानधनाचा भार त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही, कारण म्हाताऱ्यांची देखभाल ही सरकारचीच जबाबदारी आहे. त्यासाठी दोन्ही जिल्ह्यांकडे जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. चंद्रपूरचा कोळसा आणि चुनखडी, गडचिरोलीत सूरजागडचं लोहखनिज यांवरचा अंशदानाचा पैसा त्यात जमा होतो. या निधीतले किमान ७० टक्के प्राधान्याच्या कामांवर खर्च करावेत, असं केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि त्या कामांच्या यादीत वृद्ध आणि दिव्यांगांचं कल्याण नावानिशी लिहिलेलं आहे. तेव्हा नवा कायदा नको, नवी योजना नको. दोन जिल्हाधिकाऱ्यांनी एक प्रस्ताव मांडावा, आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, जागतिक ज्येष्ठ दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, प्रत्येक गावात साठीपुढच्या माणसांची यादी मोठ्याने वाचली जावी: कुणाला काय मिळतं, कुणाला मिळत नाही, आणि उद्यापासून त्यांच्या घरी कोण जाणार.